सिल्व्हर शार्क पुन्हा पुन्हा काचेवर आपटतोय? औषध नंतर, आधी घड्याळ बघा

नाकावर तांबडा ठिपका. दोन दिवसांनी तिथे पांढरी साल. मग दुकानात फोन, मग निळं औषध, पंधरा-वीस दिवसांत नाक साफ. आणि महिना उलटायच्या आत पुन्हा तोच ठिपका, कधी त्याच माशाला, कधी शेजारच्याला. इंदूरला सुदामा नगरात आमच्या हॉलमध्ये चार फुटी टँक आहे, त्यात तेव्हा पाच सिल्व्हर शार्क होते. हे रडगाणं आमच्याकडे दीड वर्ष चाललं. दुकानदाराचं उत्तर दर वेळी एकच, "भैया, थोड़ा नमक डाल दो, ठीक हो जाएगा." होतंही ठीक. पण मिठाने जखम भरते, आपटणं थांबत नाही, हे कळायला मला दीड वर्ष आणि एक मासा खर्ची पडला.

आधी मासा कुठला, ते नक्की करून घ्या. आपल्याकडे शार्क म्हणून दोन वेगळी जनावरं विकली जातात. मिशा असलेला, गुळगुळीत अंगाचा, ब्लॅक किंवा व्हाइट शार्क म्हणून मिळतो तो पंगासियस. तो मीटरभराच्या वर जातो, त्याला घरच्या टँकमध्ये जागाच नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्यासाठी नाही. सिल्व्हर शार्क, म्हणजे बाला शार्क, याला मिशा नसतात, खवले चांदीसारखे चमकतात आणि शेपटीला, पाठीच्या परांना काळी किनार असते, इरकली लुगड्याच्या काठासारखी. नावाला शार्क, पण घराण्याने आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. मूळचा मलेशिया, सुमात्रा, बोर्निओकडच्या नद्यांचा. तिथे आता नदीत तो फार कमी उरलाय, दुकानात येतात ती पैदास केंद्रातली पिल्लं. दुकानात दोन इंचाचा दिसतो, नीट सांभाळला तर फुटाच्या वर जातो आणि दहा वर्षं जगतो. हा हिशोब घेताना कोणी सांगत नाही. मला तरी नाही सांगितला.

या घराण्याच्या माशांची एक गोष्ट माहीत असली की निम्मा उलगडा तिथेच होतो. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत त्यांना बारीक हाडांची एक साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीवर आदळतो आणि त्या हाडांवरून थेट कानात जातो. म्हणून रोहू, गोल्डफिश, सिल्व्हर शार्क यांचे कान इतर पुष्कळ माशांपेक्षा तिखट. त्यातून हा मासा कळपाचा आणि स्वभावाने भित्रा. एक दचकला की पाचही सुटतात. नदीत सुटले तर पुढे नदी असते. आपल्याकडे चार फुटांवर काच असते.

आता काम. एक वही घ्या आणि पंधरा दिवस फक्त तीन गोष्टी लिहा: किती वाजता आपटले, त्याच्या मिनिटभर आधी घरात काय झालं, आणि कुठल्या काचेवर. बाकी काही बदलू नका, औषध नको, पाणी नेहमीसारखं. माझ्या वहीत पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सहा पहाटे पावणेसहाच्या आसपासच्या होत्या. पावणेसहाला आमच्याकडे काय होतं? नळ येतो. बाबा उठतात, हॉलची ट्यूब लावतात आणि मोटरचं बटण दाबतात.

पहाटेचं आपटणं

माशाला पापण्या नसतात. आपण उजेडात डोळे मिचकावतो, बाहुली लहान करतो, त्याला यातलं फारसं काही जमत नाही. त्याच्या डोळ्याच्या पडद्यातली रंगद्रव्यं हळूहळू सरकून उजेडाशी जुळवून घेतात, आणि त्याला अर्धा तास सहज लागतो. मिट्ट काळोखात खटकन ट्यूब लागली तर त्याच्या लेखी डोक्यावर वीजच पडली. त्यात मोटरचा धक्का पाइपातून भिंतीला आणि भिंतीला टेकलेल्या स्टँडला.

उपाय फुकटाचा आहे. बाबांना सांगितलं, आधी स्वयंपाकघराचा दिवा लावा, हॉलचा पडदा सरकवा, ट्यूब अर्ध्या तासाने. "माशांसाठी मी अंधारात चाचपडू का?" असं विचारून झालं, पण आठ दिवसांत सवय लागली. टँकचा दिवा टायमरवर टाकला, सकाळी साडेआठला लागतो. रात्री उलटं: टँकचा दिवा आधी बंद, हॉलचा त्यानंतर अर्ध्या तासाने. लाइट जाते तेव्हा एकदम काळोख होतो आणि आली की एकदम उजेड, तेव्हा इन्व्हर्टरवर एक छोटा झीरोचा दिवा टँकपासून लांब कायम जळू द्या. स्टँड भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. एवढ्याने पहाटेच्या नोंदी संपल्या. सहातल्या सहा.

पाणी बदलल्यावर

इथे जरा थांबतो, कारण इंदूरात हे कारण सगळ्यात जास्त असणार असं माझं मत आहे, आणि सगळ्यात कमी लोक त्याकडे बघतात.

आपल्या घरात पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक नर्मदेचं, खाली जलूदहून घाट चढवून आणलेलं, क्लोरिन घातलेलं. दुसरं बोरिंगचं, माळव्याच्या काळ्या दगडातून उपसलेलं, जड, ज्याने बादलीला पांढरा थर धरतो. नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी बोरिंग चालतं, आणि दोन्ही पाणी जातं गच्चीवरच्या त्याच एका टंकीत. म्हणजे या रविवारी माशांना दिलेलं पाणी आणि पुढच्या रविवारचं पाणी यांचा एकमेकांशी संबंध नसतो. जड पाण्यात सिल्व्हर शार्क मजेत राहतो, मऊ पाण्यातही राहतो. रोजचा झोपाळा मात्र त्याला सोसत नाही. शिवाय बोरिंगच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट-खारटपणाचा आकडा, बहुधा जास्त असतो, आणि पीएच चढला की माशांच्या अंगातून टँकमध्ये सुटलेला तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो.

आणि तापमान. गच्चीवरची काळी प्लास्टिकची टंकी मे महिन्यात चार वाजता काय करते हे आंघोळीला गेलेल्या माणसाला विचारा. मी एकदा थर्मामीटर लावला: नळाचं पाणी ३८ अंश, टँकचं २९. जानेवारीत सकाळी त्याच नळाला १४. मी दीड वर्ष दर रविवारी दुपारी जेवण झालं की सरळ नळाला पाइप लावून टँक भरत होतो, आणि संध्याकाळी मासे उधळले की म्हणायचो, ताजं पाणी मिळालं म्हणून खूश आहेत!

आता असं करतो. २०० लिटरचा झाकणाचा ड्रम घरात सावलीत ठेवलाय. नर्मदेचा नळ आला की तोच भरून घेतो, बोरिंग त्यात येऊ देत नाही. एअर पंपाचा दगड चोवीस तास सोडला की क्लोरिन उडून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने. दर आठवड्याला टँकचं पाव पाणी काढायचं, आमच्या टँकला साठ लिटर, आणि ड्रममधलं तितकंच घालायचं. दोन्ही पाण्यात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. थंडीत एक बादली गिझरची मिसळली की काम होतं. ओतताना वरून धबधबा नको, लहान पंपाने बारीक पाइपातून सोडा. काढलेलं पाणी तुळशीला, मोगऱ्याला. झाडं नुसती वेडी होतात त्या पाण्यावर. फक्त मीठ घातलेलं असेल तेव्हा चुकूनही नको.

हीटरबद्दल दोन शब्द. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तो हवाच. पाणी २४ ते २७ अंश राहिलं की पुरे. पण फुटाकडे निघालेला मासा काचेच्या हीटरवर आपटून तो फोडू शकतो. वर प्लास्टिकची जाळी लावा, नाहीतर स्टीलचा घ्या. आणि टँकमध्ये हात घालण्याआधी सगळे प्लग बाहेर, दर वेळी, न चुकता.

साफसफाईनंतर तीन-चार दिवसांनी

वहीत असं दिसलं की टँक चकाचक केल्यावर त्या दिवशी काही नाही, पण बुध-गुरुवारी मासे अस्वस्थ, रेतीवर अंग घासतायत, कल्ले भरभर हलतायत, तर चोर फिल्टरमध्ये आहे. फिल्टरच्या स्पंजात जे तपकिरी लिबलिबीत दिसतं ती घाण नाही. तिथले जिवाणू माशांचा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र केला की क्लोरिनने ते मरतात आणि पुढचे काही दिवस अमोनिया साचत जातो. देशात स्वच्छतेत पहिला नंबर आणायची इंदूरची सवय फिल्टरवर काढू नका. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोनदा पिळा, बस. रेती आणि स्पंज एकाच दिवशी कधीच नको.

थेंबांची टेस्ट किट एकदा घेऊन ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट चाळीसच्या आत. अंग घासणं सुरू आहे आणि हे आकडे मात्र ठीक आहेत, तर अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे आहेत का ते बॅटरीने बघा. तो ठिपक्यांचा रोग, त्याचा इलाज वेगळा.

दिवसभर, विनाकारण

वेळच सापडत नाही, मासे दिवसभर काचेला नाक लावून वर-खाली करतायत आणि मधूनच एक धडक? मग टँकच लहान आहे. हे मला ऐकायचं नव्हतं, तुम्हालाही नसेल.

टेप घ्या. आमचा सगळ्यात मोठा मासा २२ सेंटिमीटरचा. टँकची लांबी १२० सेंटिमीटर. म्हणजे याच्या अंगाच्या साडेपाच पट, संपली जागा. शेपटीचे दोन फटके मारून वेग धरेपर्यंत समोर काच येते. रुंदी दीड फूट, म्हणजे वळायला त्याच्या अंगाच्या दुपटीइतकी. तुम्हाला कोणी साडेपाच पावलांच्या खोलीत धावायला लावलं तर भिंत किती वेळा लागेल?

याला सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक ही माझ्या मते सुरुवात. उंची वाढवून पैसे घालवू नका, तो वर-खाली नाही, आडवा पळतो. अशा टँकमध्ये काठोकाठ ६८० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच ६८० किलो. काच, रेती, स्टँड धरून तो आकडा ८०० च्या पुढे जातो. तळमजला असेल तर प्रश्न नाही. वरच्या मजल्यावर इंजिनिअरला विचारून भिंतीलगत बीमवर. आणि रामबागेत कोणाचा अजून लाकडी पाटाईचा माळा असेल तर विचारसुद्धा मनात आणू नका.

संख्याही बघा. एकटा सिल्व्हर शार्क सतत घाबरलेला असतो. दोन-तीन असले तर मोठा लहानाला दिवसभर पिटाळतो आणि लहानाचं नाक फुटतं. पाच किंवा जास्त असले की दादागिरी वाटली जाते. तर काही जण याचा अर्थ चार फुटीत आणखी दोन आणू असा काढतात. नका काढू.

लगेच करण्यासारखं म्हणजे मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून गडद कागदाने झाकणं. टँकमध्ये उजेड आणि खोलीत अंधार असला की काचेचा आतून आरसा होतो आणि माशाला स्वतःच समोरून येताना दिसतो. कागद लावला की काच कुठे संपते हेही त्याला कळतं. टँकच्या मधले दगड आणि ती प्लास्टिकची बोट काढून टाका. मधला पट्टा मोकळा, लपायला कडेला दोन मोठी लाकडं.

जागेचं आणखी एक. आमच्याकडे वास्तूप्रमाणे टँक दाराजवळ, ईशान्येला होता. बेल वाजली, दार धाडकन उघडलं, की धडक. आईला सांगून तो हॉलच्या आतल्या कोपऱ्यात नेला. ईशान्य थोडी हुकली. "मासे सुखी तर घर सुखी," म्हणत आईनेच शेवटी वाद मिटवला. टीव्हीचा मोठा स्पीकर, वॉशिंग मशीन, व्यायामाचे डंबेल्स हे त्या भिंतीपासून लांब. टँकखालची थर्माकोलची शीट हवीच, पण ती काच तडकू नये म्हणून, तिने आवाज अडत नाही.

सणासुदीला

रंगपंचमीच्या गेरमागची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमागची डीजेची गाडी, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे चित्ररथांचे ढोल, दिवाळीचे सुतळी बॉम्ब. तुमची गल्ली त्या वाटेवर असेल तर त्या रात्री टँकचा दिवा संध्याकाळीच बंद, खोलीत मंद उजेड, तिन्ही बाजूंना गोधडी. वरची हवेची फट मात्र उघडी ठेवा. त्या दिवशी खायला घालू नका.

आणि झाकण. माझा गेलेला मासा याच रात्रीचा, दोन वर्षांपूर्वी दिवाळीत. झाकण होतं, पण कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपासाठी वीतभर चौकोन कापलेला. फटाका वाजला तेव्हा आम्ही सगळे बाहेर रांगोळीपाशी होतो. आत आल्यावर मोजले तर चार. सोफा ओढला तेव्हा त्याच्यामागे तो सापडला, अंगाला धूळ आणि केरसुणीच्या काड्या चिकटलेल्या, काळी किनार तशीच ठसठशीत. तो चौकोन आता मच्छरदाणीच्या जाळीने शिवलाय आणि झाकणावर दोन फरशीचे तुकडे आहेत. पाचवा मासा नंतर आणला.

झालेल्या जखमेचं काय

नुसता तांबडा ठिपका असेल तर स्वच्छ पाणी हेच औषध. आठवड्यातून दोनदा पाव-पाव पाणी बदला. सोबत खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम, बादलीत विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत. मीठ हवेत उडत नाही, म्हणून पाणी कमी झालं म्हणून भर घालताना परत मीठ टाकायचं नाही. जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ पुन्हा. खऱ्या वनस्पती असतील तर त्या जातील, हे धरून चाला. जखमेवर कापसासारखा झुपका आला म्हणजे बुरशी धरली. तेव्हा मासा वेगळ्या टबात घेऊन निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, तिथेच द्या. मुख्य टँकमध्ये ओतलंत तर फिल्टरचे जिवाणू जातील, टँकचा सिलिकॉन कायमचा निळा होईल, आणि चार दिवसांनी अमोनियामुळे पुन्हा धडका सुरू.

हे सगळं करूनही नाक फुटत असेल आणि सहा फुटी टँक घरात बसतच नसेल, तर मासे मोठा टँक असलेल्याला देऊन टाका. आम्ही पाचातले तीन असेच दिले, उरलेल्या दोघांची बोलणी चालू आहेत. बिलावली, सिरपूर किंवा यशवंत सागर या तलावांत सोडून पुण्य लागत नाही. काच साफ करणारा म्हणून आणलेला सकर मासा लोकांनी असाच सोडला आणि आता देशात कितीतरी तलावांत तो कोळ्यांची जाळी फाडतोय.

पकडताना जाळं वापरू नका, त्यात पर अडकून फाटतात आणि घाबरून तो आणखी आपटतो. टँकचं पाणी एक तृतीयांशावर आणा, दिवा बंद करा, एक मोठा प्लास्टिकचा डबा आडवा बुडवा आणि दुसऱ्या हाताने मासा हळूच त्याच्याकडे वळवा. मग डब्यासकट, पाण्यासकट उचला. दोन माणसं लागतात. पिशवी दुहेरी, एका पिशवीत एकच मासा, बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळून अंधार करायचा, आणि स्कूटरवर नाही, रिक्षात, मांडीवर धरून न्यायचा.